आतून कडी

"बरं, मंग?"

दोन्ही हात कमरेवर, हनुवटी वर, आणि हे दोन शब्द. आमच्या शेजारच्या मावशीनं एवढ्यावर जिंतुरात भल्याभल्यांची बोलती बंद केली. तुम्ही म्हणाल, भांडखोर बाई. होतीच! मी एसटीत कंडक्टर होतो, भांडखोर माणसं मला वासावरून कळतात. पण हिचं भांडण फुकटचं नसायचं.

उभा जन्म मेंढरांमागं रानोमाळ गेलेला. कुणाच्या तरी शेतात मेंढरं बसवायची, शेजारी पाल ठोकायचं आणि निजायचं. नवरा गेल्यावर कळप विकून तिनं आमच्या गल्लीत पत्र्याच्या दोन खोल्या बांधल्या. मला म्हणाली, "कंडक्टर, लांडग्याच्या न् चोराच्या भ्यानं जन्मात धड झोपले न्हाई. आता एकच हौस हाय. आतून कडी लावायची अन् निवांत झोपायचं."

दुकानदारानं मात्र तिच्या गळ्यात मारलं ते भुसा-प्लास्टिकचं दार, वरून सागवानाचं नुसतं चित्र. "लाकडाचा बाप आहे, मावशी. वाळवी नाही, फुगणं नाही." चौकटीला हळदकुंकू लावून आम्ही ते बसवलं. दिसायला राजबिंडं!

पावसाळा लागला आणि दार खालून फुगलं. चौकटीत शिरेचना. कडी एकीकडं, कोयंडा दुसरीकडं. वरचं सागवान पापडासारखं सुटलं. रात्री दाराला पाटा टेकवून ती जागत बसायची. माझं तर डोकंच फिरलं.

दुकानातून माणूस आला, त्यानं दार खालून तासलं, तर आतून भुसा गळायला लागला. मग आम्ही दोघं दुकानात गेलो.

"पाणी लागलं असेल," दुकानदार म्हणाला.

"बरं, मंग?"

"ऊन पण लागलं असेल."

"आरं, दार हाय का लोणच्याची बरणी? फडकं बांधून फडताळात ठिवू?"

"मावशी, वॉरंटी आहे, पण त्यात हे बसत नाही."

"तुजं दार चौकटीत बसत न्हाई, वॉरंटीतबी बसत न्हाई. मंग बसतंय तरी कशात?"

दुसऱ्या दिवशी तिनं दार उतरवलं, हातगाड्यावर घातलं, मला ढकलायला लावलं आणि दुकानासमोरच्या कडुलिंबाला टेकवून उभं केलं. शेजारी पोतं टाकून बसली. गिऱ्हाईक आलं की, "या दादा, हे बी हितलंच हाय. हात लावून बघा." हात लावला की भुसा. गिऱ्हाईक आल्या पावली परत.

"मावशी, घरी जा ना," दुकानदार हात जोडायला लागला.

"घराला दार कुटं हाय? काई चोरीला गेलं तर तुज्याच नावानं बोंबलीन."

"पोलिसांना बोलवीन हां!"

"बरं, मंग?"

"बरं बाई, असंच दुसरं नवं देतो."

"ह्याचा भाऊ नगं मला. लाकडाचं दे."

संध्याकाळपर्यंत दुकानदार नरमला. बाभळीचं, आरपार लाकडाचं दार निमूट पाठवलं त्यानं. त्या रात्री कडी लागल्याचा खट्ट आवाज मी माझ्या घरात ऐकला. सकाळी उन्हं डोक्यावर आली तरी बाई उठेना. उठली ती गल्लीभर सांगत सुटली, "लय झोपले गं बाई!"

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी ते दार उघडलंच नाही. खिडकीला लागूनच तिची बाज. मी गजांतून हात घातला, तिचा हात धरला. गार पडला होता. सगळं कळून चुकलं.

शेजारचा एक जण पहार घेऊन आला. "दार फोडावं लागंल."

मी आडवा आलो. "त्या दाराला हात लावायचा नाही!"

"आवो, आता दाराचं काय घेऊन बसलाव?"

"भांडून मिळवलंय तिनं! खबरदार!"

शिडी लावून या वयात मी छपरावर चढलो, पत्रा उचकटला आणि आत उतरलो. रडत होतो, त्यात लाज कसली? मग आतून कडी काढली आणि मावशीला तिच्या धडधाकट दारातून बाहेर नेलं.