भावंडं किती?

मूल्यशिक्षणाचा नवा आराखडा लिहायचं काम मोठ्या बाईंनी माझ्यावर टाकलं, तेव्हा मी सातवीला गणित शिकवत होते. भाईंदर पश्चिमेची आमची मराठी शाळा. वर्गात घरी हिंदी-गुजराती बोलणारी बरीच मुलं, काही उत्तनहून बसने येणारी.

प्रामाणिकपणा, स्वच्छता, देशप्रेम असे धडे पाठ करून मुलांच्या आत काही हलत नाही, असं मला फार दिवस खुपत होतं. म्हणून मी आठवड्याचा एक तास मोकळा ठेवला. थोडा वेळ डोळे मिटून बसायचं, मग ज्याला वाटेल त्याने मनातला प्रश्न विचारायचा. उत्तराची सक्ती कोणावर नाही, बाईंवरही नाही. मोठ्या बाई म्हणाल्या, "आधी करून बघा."

पहिल्या तासाला खूप खिदळणं झालं. मग उत्तनची एक मुलगी उभी राहिली, एरवी हजेरीपुरतंच बोलणारी.

"बाई, माझा भाऊ आईच्या पोटातच गेला. कोणी विचारलं, तुम्ही भावंडं किती, तर त्याला धरायचं का?"

मागून एक मुलगा म्हणाला, "धर ना. कोण नाय बोलतंय?"

"पण मग त्याचं नाव काय सांगणार?" तिच्या शेजारणीने विचारलं.

उत्तनची मुलगी खाली बसली. मी घंटा होईपर्यंत गप्पच. ते शहाणपण होतं की भित्रेपणा, हे मला जेसल पार्कला घरी पोचेपर्यंत ठरवता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिची आई शाळेत आली. मोठ्या बाईंच्या खोलीत मला बोलावणं आलं.

"तुमी पोरीला काय शिकवलंत?" तिने विचारलं.

"काहीच नाही. तिने विचारलं, आम्ही ऐकलं."

ती म्हणाली, "घरी त्याचा विषय कोणी काढत न्हाय. काल पोर बोलली, त्याला नाव द्या. तिचे पप्पा तवा पहिल्यांदा रडले." मग माझ्या जवळ येऊन तिने त्याचं ठेवलेलं नाव हळूच सांगितलं.

ती गेल्यावर मोठ्या बाई म्हणाल्या, "ही आई अशी आली. पुढची भांडायला आली तर? आणि याची अध्ययन निष्पत्ती, मुलं नेमकं काय शिकली ते, काय लिहू?"

त्यांचं चुकत नव्हतं. तेच जास्त टोचलं.

आराखडा मंजूर झाला, तो तास वगळून. त्याऐवजी प्रार्थनेनंतर स्पीकरवर ध्यानाच्या सूचना लावतात. मुलं रांगेत शांत उभी असतात. पाहुणे कौतुक करतात. मी रांगांमधून फिरत राहते, एका जागी उभं राहवत नाही. प्रत्येकाच्या चेहऱ्याकडे बघते आणि वाटतं, याला काय विचारायचं असेल?