निमूट पोट

तंजावुरात कुठल्याही मराठी घरात मूल जन्मलं, की विजयलक्ष्मी अक्काला बोलावणं ठरलेलं. अक्का तान्ह्यांना न्हाऊ घालायची आणि एखादं कुंथत राहिलं, तर विड्याच्या पानाचा देठ एरंडेलात बुडवून शीच्या जागी अलगद लावायची. पोर लगेच मोकळं. अक्काच्या हाताला गुण आहे म्हणत सगळे. अक्कालाही ते पटायचं. मान कुणाला नको असतो?

अखिलाच्या तान्ह्या प्रणवेशची मात्र तिला भीती वाटू लागली. देठ लावला की फवारा उडे, पोट बसे, पुन्हा टम्म होई. एका दुपारी तिनं त्याच्या पोटाला कान लावला. इतर पोरांच्या पोटात सदा गुरगुर चाललेली. इथे ओटीपोटात, घर सोडून माणसं गेल्यासारखं सामसूम. पोर रडत नव्हतं, नुसतं तिच्याकडे टक लावून बघत होतं. अक्का स्वतः मायलेकरांना घेऊन डॉक्टरकडे निघाली.

दवाखान्यात डॉक्टर हरिप्रियांनी विचारलं, शी रोज होते का? अखिला म्हणाली, रोज. खोटं नव्हतं ते. डॉक्टर थेंब लिहून द्यायला लागल्या. बोलावं तर हातचा गुण जातो, गप्प बसावं तर पोर जातं.

"आपणहून एकदाही नाहीं," अक्का म्हणाली. "मी करवितें."

मग गुदाशयाच्या आतून कणीएवढा तुकडा काढून तपासला गेला. अक्कानं हट्टानं तो सूक्ष्मदर्शकातून पाहिला. आधी निरोगी आतड्याची काच: गुलाबी थरांमध्ये मोठाल्या पेशी, प्रत्येकीत काळा ठिपका, डोळ्यांसारख्या वर बघणाऱ्या. आतड्याला ढकलायला सांगतात त्या ह्याच, डॉक्टर म्हणाल्या. मग प्रणवेशची काच. थर तसेच, नसांचे जाड दोर तसेच, डोळा एकही नाही. जन्मापासूनच नाही. तेवढा भाग कापून वरचं आतडं खाली जोडावं लागणार होतं.

"मग माझ्या देठाला इतके दिवस ओ कोण देत होतं?"

"कुणी नाही, अक्का. वर कोंडलेलं वाट मिळताच बाहेर यायचं."

ऑपरेशन झालं, पोर वाचलं. अखिलानं अक्काला पुन्हा बोलावलं नाही. अक्काला त्याचं वाईट वाटलं, पण खात होतं ते वेगळंच. एवढ्या वर्षांत पोट फुगून गेलेली, दृष्ट लागली म्हणून कावेरीकाठी पुरलेली दोन-तीन पोरंही तिच्याच देठानं मोकळी होत असत. त्यांच्या आया अजून वाटेत हात जोडतात आणि म्हणतात, अक्का, तुम्ही होतात म्हणून शेवटपर्यंत त्याला त्रास झाला नाही.