रुईच्या झाडापाशी सहा कॅमेरे

कुर्बानभाई खुर्चीत बसतात, पण बसून राहत नाहीत. अकोल्याच्या जुन्या शहरात त्यांचा फोटो स्टुडिओ आहे. सकाळी दहाला शटर वर केलं की साडेदहापर्यंत ते तीनदा रस्ता बघून आलेले असतात. काउंटरची काच पुसतात. पंखा बंद करतात, परत चालू करतात. घरी जेवताना पाणी समोर असूनही पाण्यासाठी उठतात. "बैठो तो सही, रोटी कहीं भागी नहीं जा रही," असं त्यांच्या बायकोला, जहाँआराला, रोज एकदा तरी म्हणावं लागतं.

चाळीस वर्षं लोकांना 'हलू नका' सांगितलेल्या माणसाची ही गत. सोळाव्या वर्षी ते एका स्टुडिओच्या डार्करूममध्ये ट्रे हलवायला लागले, तिशीत स्वतःचं दुकान झालं. अकोट, बाळापूर, मूर्तिजापूर, कुठकुठल्या लग्नांचे फोटो त्यांनी काढले. दीड वर्षापूर्वी उजवा हात थरथरायला लागला. गोळ्यांनी थरथर कमी झाली, गेली नाही. लग्नांचं काम मुलाकडे, अरीबकडे गेलं. वडिलांकडे पासपोर्ट फोटो उरले. ते कॅमेरा स्टँडवर लावून काढता येतात. दिवसाला चार गिऱ्हाइकं, त्यातलं एक झेरॉक्सचं दुकान विचारायला आलेलं.

बुधवार त्यांना याच कामातून मिळाला. जठारपेठेत बालवाडी चालवणाऱ्या दीपमालाताईंनी ओळखपत्रांचे फोटो काढायला बोलावलं होतं. चार-पाच वर्षांची अठरा मुलं. कुर्बानभाईंनी फोटो काढून आणून दिले, तर अकरा मुलं डावीकडे बघत होती.

"हे लेकरं कोनाले पाहून राहिले?" दीपमालाताईंनी विचारलं.

"खारीले. तुमच्या कुंपणावर होती."

"मंग खारीलेच ओळखपत्र देऊन टाका."

खिडकी लावून फोटो पुन्हा काढले. पण पुढच्या आठवड्यात कुर्बानभाई एक खोकं घेऊन आले. मोबाइल यायच्या आधी लोकांनी हौसेने छोटे डिजिटल कॅमेरे घेतले होते, बिघडल्यावर दुरुस्तीला टाकले आणि परत न्यायचे विसरले. त्यातले सहा चालू होते. फोटो निघायचा, फक्त मागची स्क्रीन गेलेली. डोळा लावायला वर बारीक खिडकी होती. लेकरांना खारच बघायची असेल तर त्यांनाच काढू द्या तिचा फोटो, असं त्यांचं म्हणणं. दीपमालाताईंनी बुधवारचा सकाळचा एक तास दिला. "पालक बोलले तर बंद," असंही तेव्हाच सांगितलं.

बालवाडीसमोर एक मोकळा प्लॉट आहे. गाजरगवत, एक बाभूळ आणि मधोमध माणसाच्या उंचीची रुई. नियम दोन होते. रुईचं पान तोडायचं नाही, दूध डोळ्यात जातं. आणि फोटो लगेच मागायचा नाही. कुर्बानभाई दुकानात छापून पुढच्या बुधवारी आणायचे. मधल्या आठवड्यात काय काढलं ते मुलांना लक्षात ठेवावं लागायचं. फोटो हातात आला की ज्याचा त्याला बरोबर ओळखू यायचा, निम्मा हललेला असला तरी. हललेल्या फोटोंबद्दल तिथे कोणी काही बोलत नसे, ही गोष्ट कुर्बानभाईंना बरी वाटत असावी. साडेआठची वेळ, पण ते आठलाच फाटकाशी फेऱ्या मारत असत.

दिवाळीच्या सुट्टीनंतर शालू नावाच्या मुलीला रुईच्या पानावर अळी दिसली. काळे, पांढरे, पिवळे पट्टे. दुसऱ्या बुधवारी अळी बोटाएवढी झाली होती. तिसऱ्या बुधवारी ती नव्हती, पानाखाली हिरवा कोष लटकत होता. "थे आत झोपली," शालूने सगळ्यांना सांगितलं आणि पुढच्या बुधवारी उठेल, असंही जाहीर केलं.

त्याच दिवशी शालूची आई सुभद्रा तिला न्यायला आली. स्कूटी चालूच होती. "काय काढलं पोरीनं? दाखवा बरं."

फोटो पुढच्या बुधवारी दिसेल, मागची स्क्रीन चालत नाही, असं कुर्बानभाईंनी सांगितलं.

"म्हंजे बंद पडलेले कॅमेरे देल्ले तुमी लेकरायच्या हातात?"

तिने सहज विचारलं आणि ती निघून गेली. कुर्बानभाईंच्या मात्र ते डोक्यातून जाईना. चाळीस वर्षांत त्यांच्या सामानाला कोणी बंद पडलेलं म्हटलं नव्हतं. शिवाय पालक बोलले होते. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने ते अमरावतीला गेले. तिथे डोमाजी नावाचा जुना दुरुस्तीवाला आहे. त्याच्याकडे भंगारातून काढलेल्या स्क्रीनचं एक खोकं असतं. संध्याकाळपर्यंत सहाच्या सहा कॅमेऱ्यांना उजेड आला. परतीच्या गाडीत कुर्बानभाईंना खिडकीजवळ जागा मिळाली होती. बडनेरा जाईपर्यंत त्यांनी सहाही कॅमेरे चारदा चालू-बंद करून बघितले.

चौथा बुधवार. कोष काळपट झाला होता, आतले नारिंगी पंख बाहेरून दिसत होते. कुर्बानभाईंनी कॅमेरे वाटले. मुलांना फोटो तिथल्या तिथे दिसू लागले आणि एका कॅमेऱ्यावर तीन-तीन डोकी जमली. कोष फुटला तेव्हा कुर्बानभाई स्वतः एका स्क्रीनचा उजेड वाढवून देत होते. त्यांनी मान वर केली तर टरफल रिकामं, आणि त्याला धरून चुरगळलेल्या पंखांचं फुलपाखरू लोंबत होतं.

पंख वाळायला पाऊण तास लागला. त्या पाऊण तासात मुलं कॅमेरा फुलपाखरासमोर धरत, बटण दाबत आणि लगेच पाठ फिरवून स्क्रीन बघत. "मले दाखव." "पैले माया पाय." "तुयाच्यात छोटं आलं." कुर्बानभाईंनी दोनदा सांगितलं, "बेटा, समोर बघा, समोर." ओळखपत्राचे फोटो काढताना हेच सांगून उपयोग झाला नव्हता, आताही झाला नाही.

शिवमची पाळी आली नव्हती. त्याच्या हातात काहीच नव्हतं. "उडालं," तो म्हणाला.

सगळ्यांनी मान वर केली. पान रिकामं होतं.

"कोनाच्या कॅमेऱ्यात आलं?" शालूने विचारलं.

"कोनाच्याच नाई. मी पाह्यलं."

"मंग नाई उडालं."

शिवम रडकुंडीला आला. कुर्बानभाई म्हणाले की उडालं, त्यांनीही बघितलं. शालूने त्यांच्या रिकाम्या हातांकडे बघितलं आणि ती पुन्हा स्क्रीनकडे वळली. रात्री कार्डं रिकामी करून फोटो दीपमालाताईंच्या मोबाइलवर पाठवताना त्यांनी मोजले, एकशे चौदा फोटो होते. एकातही पंख उघडलेले नव्हते.

गुरुवारी शटर न उघडताच ते जठारपेठेत आले. त्यांना स्क्रीन बंद करायच्या होत्या. दीपमालाताई मात्र खुशीत होत्या.

"काहून बंद करता? पालकायच्या ग्रुपवर पैल्यांदा अंगठे आले. सुभद्राताईनं तर लिवलं, आता कसं दिसून राहिलं म्हनून."

"लेकरायले दिसलं नाही ना, ताई. पाऊण तास होतं ते. उडताना एकाच लेकरानं पाहिलं, त्याच्याजवळ कॅमेरा नव्हता."

"फोटो तर आले."

"फोटो मी बी काढू शकतो. स्टँड लावून."

दीपमालाताई हजेरीपट मिटत म्हणाल्या, "कुर्बानभाई, तुमाले एका जागी करमत नाई, म्हनून सुरळीत चाललेलं बी हलवता. मी एक बुधवार देते. पालक बोलले तर मंग मी काई करू शकत नाई."

दुकानात येऊन त्यांनी एका स्क्रीनवर काळी चिकटपट्टी लावली. स्वतःच नखाने काढून बघितली. पाच वर्षांच्या नखांपुढे ती पाच मिनिटं टिकली नसती. शनिवारी पुन्हा एसटी, पुन्हा अमरावती.

डोमाजीने कॅमेरे ओळखले. "खराब निंगाल्या का?"

"नाही. चांगल्या आहेत. काढून टाक."

"बिघडवाची मजुरी जास्त पडते, भाई." हसत त्याने स्क्रू काढायला घेतले. कुर्बानभाई बाकावर बसले, उठले, पानठेल्यापर्यंत जाऊन आले. "अन् पुन्हा लावाले सोमवारी येता का?" डोमाजीने मान न उचलता विचारलं. कुर्बानभाई पुन्हा पानठेल्याकडे निघाले. बुधवार झाल्याशिवाय कशाचाच भरवसा नव्हता.

बुधवारी ते पावणेआठलाच फाटकाशी होते. मुलांनी कॅमेरे घेतले, उलटे केले.

"चाचा, हे मेलं."

"फोटो निघतो. दाबून बघ."

कुरकुर झाली. दोन मुलांनी कॅमेरे परत केले आणि मातीत खेळायला बसली. कुर्बानभाई दोन्ही हात खिशात घालून प्लॉटच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत राहिले. रिकामं टरफल अजून पानाखाली होतं. शालूने त्याचा फोटो काढला आणि सवयीने मागची बाजू बघितली. काळी. तिने पुन्हा टरफलाकडे बघितलं, मग त्याच्या वरच्या कोवळ्या पानाकडे. तिथे काहीतरी पिवळं, बारीक, भरपूर होतं. ती उकिडवी बसली. घंटा झाली तेव्हा तिच्या कॅमेऱ्यात चारच फोटो होते आणि तिला ओढून आणावं लागलं.

फाटकाशी सुभद्राची स्कूटी घरघरत होती. "दाखव, काय काढलं?"

"दिसत नाई. बुधवारी दिसते." शालू स्कूटीवर चढली नाही. "आई, लाल किडा होता, ठिपक्यायचा. थो पिवळ्या बारक्या किड्यायले खाऊन राहिला होता. एक एक. अन् मुंगी त्याले हाकलून राहिली होती."

कुर्बानभाई दोन पावलं पुढे आले आणि थांबले.

"पिवळे म्हंजे कसे? पानाले चिकटून?" सुभद्राने विचारलं.

"हाव. कोवळ्या पानाले."

"मावा व थो. आपल्या मामाच्या कपाशीवर पडते." सुभद्राने किल्ली फिरवली, स्कूटी बंद झाली. "मंग? मुंगीनं हाकललं त्याले?"

"नाई. थो तिकडून आला, पानाखालून. मंग घंटा झाली."

सुभद्राने रस्त्यापलीकडच्या रुईकडे बघितलं. मग कुर्बानभाईंना विचारलं, "फोटो कवा येते?"

'बुधवारी' त्यांच्या ओठांवर आलं होतं, पण पुढचा बुधवार अजून मिळाला नव्हता. ते दीपमालाताईंकडे बघू लागले. त्या फाटकाची कडी लावत होत्या.

"बुधवारी येते," दीपमालाताई म्हणाल्या. "अन् कुर्बानभाई, साडेआठ म्हंजे साडेआठले या. पावणेआठपासून फेऱ्या मारता, समोरचा किराणावाला मले इचारते, हा मानूस कोनाले शोधून राहिला."