लांजेवार सरांची उकळलेली विषं

कॉलेजात किस्से शोधत फिरावं लागत नाही. स्टाफरूममध्ये चहा पीत बसा, ते आपोआप साचतात! त्यातून आमचा जीवरसायनशास्त्र विभाग म्हणजे लाखांदूरकडच्या धानाच्या बांध्यांमध्ये बसून विषांवर संशोधन करणारी मंडळी. प्रमुख लांजेवार सर. जिल्ह्याचे दोन तुकडे झाल्यापासून त्यांचा एकच ध्यास : "आपल्या वाट्याले एक तरी संशोधन केंद्र पाहिजे!" त्यापायी त्यांनी नागपूरची चांगली नोकरी नाकारली होती.

*

सर वर्गात सांगत होते, "प्रथिन म्हणजे घडी घातलेला धागा. तापवला का घडी उसवते, अन् विष प्रथिनाचं असलं त त्याचा जोर संपते."

कोंढा गावचा एक विद्यार्थी उठला. "सर, मंग साप चावला त जागा भाजून काढाची का?"

"विष उकडाच्या आधी तू उकडशील ना बे! सीधा दवाखान्यात जाय!"

*

एका मे महिन्यात सरांनी गांधीलमाशीचं विष फ्रिजमध्ये ठेवलं. नेमकी दोन दिवस लाइन गेली आणि उकाड्यानं नमुना बाद झाला. तपासला, तर जोर शून्य! सरांनी जाहीर करून टाकलं, "आपल्या भागातली गांधीलमाशी निरुपद्रवी आहे."

दुसऱ्या दिवशी सर टम्म सुजलेला कान घेऊन आले. "निष्कर्ष मागं घेतला," एवढंच म्हणाले.

*

आमच्या मेश्राम मॅडम प्रयोगशाळेच्या वॉटर बाथमध्ये अंडी उकडायच्या. एकदा प्राचार्यांनी पकडलं.

"प्रथिनावर उष्णतेचा परिणाम, सर! प्रात्यक्षिक आहे," मॅडम म्हणाल्या.

"अन् हे मीठ-मिरे कायले?"

प्राचार्यांनी खुर्ची ओढली. "सोला मंग एक. परिणाम पाहू द्या."

*

अखेर केंद्राला मान्यता देणारी समिती यायचं ठरलं. सरांनी बासुंदी करवली. आचाऱ्याच्या बोटाला पिकलेला फोड होता, पण बासुंदी त्यानंच ढवळली. समितीची गाडी वाटेत बिघडली आणि पातेलं रात्रभर व्हरांड्यात राहिलं.

सकाळी मॅडम म्हणाल्या, "फेकून द्या ना, सर."

"फेकता काहून? चांगली खळखळून उकळा! मंग जंतू जिवंत राहीन का त्यात?"

समिती आली. अध्यक्षांना बासुंदी फार आवडली. दुसरी वाटी संपवता संपवता त्यांनी विचारलं, "तुमच्या विभागाचं वैशिष्ट्य काय?"

सर याच प्रश्नाची वाट पाहत होते. "उष्णतेला दाद न देणारी विषं, साहेब! आता पहा, फोडातले जंतू दुधात पडले. उकळलं त जंतू मरतात. पण त्यांनी आधीच सोडलेलं विष? त्याची घडी इतकी पक्की, का कितीही उकळा, ते तसंच्या तसं..."

सर थांबले. त्यांनी मॅडमकडे पाहिलं. मॅडम पातेल्याकडे पाहत होत्या.

"वा!" अध्यक्षांनी तिसरी वाटी पुढे केली. "मग असं काही पोटात गेलं, तर त्रास किती वेळात सुरू होतो?"

सरांनी घड्याळ पाहिलं. खिशातला पेन काढून टोपण उघडलं आणि अदबीनं पुढे धरला.

"साहेब, मान्यतेवर आधी सही करून घेता का?"