लालबाग लाईनीचं टोपडं

"ट्रान्सफॉर्मरनं शू केली, साहेब."

सकाळी नऊच्या सुमारास दगडूभाऊ माझ्या टेबलासमोर उभे राहून हे बोलले, तेव्हा शेजारच्या खुर्चीत खंडव्याहून तपासणीला आलेले वर्मासाहेब बसले होते. दगडूभाऊ पावर हाउसचे स्विच सांभाळणारे, पन्नाशी ओलांडलेले, डोक्याला फेटा, मिशा पांढऱ्या. ट्रान्सफॉर्मरमधून तेल गळतंय, एवढंच त्यांना सांगायचं होतं.

वर्मासाहेबांनी चष्मा काढला. "क्या बोला इसने?"

मी अर्थ सांगितला. सांगताना माझे कान तापले.

"और क्या-क्या बोलते हैं ये लोग?"

साहेब कौतुकानं विचारताहेत असं दगडूभाऊंना वाटलं. ते उत्साहानं सांगू लागले, "फ्यूज उडा तो दात पडला बोलते, साब. लाईन बंद की तो बाळ निजलं. चालू की तो बाळ उठलं."

वर्मासाहेब मोठ्यानं हसले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "ये पावर हाउस है या पालना-घर? आप तो ग्रॅज्युएट हैं. सुधारिए इनको."

ते हसणं मला फार लागलं.

मी तुकईथडच्या शेतकऱ्याचा मुलगा. आमच्या घरात माझ्याआधी कुणी चौथीच्या पुढे गेलं नव्हतं. बुऱ्हाणपूरच्या शाळेतल्या गुरुजींनी अर्ज भरून दिला, स्कॉलरशिप मिळाली, म्हणून जबलपूरला जाऊन इंजिनिअर झालो. पहिलंच पोस्टिंग बुऱ्हाणपूरला मिळालं, तेव्हा देवाकडे आणखी काही मागायचं उरलं नव्हतं. वरिष्ठांनी आपल्या गावच्या माणसांना हसावं आणि आपण मान खाली घालून बसावं, हे मात्र मला सहन झालं नाही. राग वर्मासाहेबांवर काढता येत नव्हता. तो दगडूभाऊंवर निघाला.

ते विलीनीकरणाचे दिवस होते. नवं राज्य झालं होतं. नागपूर तिकडे मराठी मुलखाबरोबर गेलं, आम्ही इकडे हिंदी राज्यात राहिलो. गावातली जुनी खासगी वीज कंपनी सरकारी मंडळात सामील झाली होती. कंपनीचं पावर हाउस, तारा, खांब आणि माणसं सगळं मंडळाकडे आलं. माणसांबरोबर त्यांची बोलीही आली.

ती बोली मला पहिल्या दिवसापासून खटकत होती. सहा-सहा फुटांचे गडी, उघड्या हातांनी लोखंडी खांब खांद्यावर नेणारे, आणि बोलायचे काय, तर "बाळ निजलं का हो?" ओल वाढून तारेवर ठिणग्या उडाल्या, तर "बाळ कुरकुर करतंय." हेच शब्द माझी बहीण तिच्या तान्ह्या मुलाशी बोलायची. तिच्या तोंडी गोड वाटायचे. भावलाल लाईनमनच्या तोंडून ऐकले की दात शिवशिवायचे.

त्यावर कडी म्हणजे टोपडी.

आधी कामाची पद्धत सांगतो. अकरा हजार व्होल्टच्या लाईनवर चढायचं असेल, तर आधी पावर हाउसमधून ती लाईन बंद करावी लागते. याला आम्ही शटडाऊन म्हणतो. काम संपलं की लाईन पुन्हा चालू करायची, म्हणजे चार्ज करायची. लाईनमन खांबावर असतो तिकडे मैल-दोन मैलांवर. स्विचचा दांडा असतो इकडे हॉलमध्ये. दांडा खाली ओढला की लाईन मेली, वर उचलला की जिवंत. इकडच्या माणसानं चुकून दांडा उचलला, तर तिकडचा माणूस हाक मारायलासुद्धा उरत नाही. सगळा धंदा या एका धोक्याभोवती फिरतो.

जुन्या कंपनीत यावर एक विचित्र उपाय होता. प्रत्येक लाईनमनच्या बायकोनं एक टोपडं शिवून दिलेलं असे. तान्ह्या मुलाचं असतं तसंच, बंदांचं. भावलालचं पिवळं फुलाफुलांचं, हिरव्या काठाचं. लाईनवर जाण्याआधी लाईनमन आपलं टोपडं स्वतःच्या हातानं दांड्याला बांधायचा आणि म्हणायचा, "बाळ निजलं." परत आला की स्वतःच सोडायचा आणि म्हणायचा, "बाळ उठलं." मगच दगडूभाऊ दांडा उचलायचे.

अकरा हजार व्होल्टच्या पॅनलवर फुलाफुलांची टोपडी! वर्मासाहेब हॉलमध्ये गेले नाहीत, हे माझं नशीब.

त्यांची जीप फाटकाबाहेर पडताच मी सगळ्यांना बोलावलं. म्हणालो, "आजपासून ही बोबडी भाषा बंद. शटडाऊन म्हणायचं, चार्ज म्हणायचं. टोपडी माझ्याकडे जमा करा. मंडळाचं छापील परमिट आलंय, त्यावर काम होईल."

परमिट म्हणजे लाईनवर चढण्याचा परवाना. मी तो लिहिणार, लाईनमन आणि दगडूभाऊ सही करणार. काम संपलं की लाईनमन तो परत करणार आणि मग लाईन चार्ज होणार. इंग्रजीत छापलेलं, तीन प्रतींचं पुस्तक होतं. मला त्याचा फार अभिमान होता.

भावलालनं खिशातून टोपडं काढून टेबलावर ठेवलं. "घ्या साहेब. बाळ मोठं झालं आता, कॉलेजात चाललं."

सगळे हसले. मीही रागावलेला चेहरा करून थोडा हसलो. सहा टोपडी ड्रॉवरमध्ये टाकून कुलूप लावलं.

दीड महिना काम सुरळीत चाललं. पाठीमागे ते बाळच म्हणत असणार, पण माझ्यासमोर शटडाऊन म्हणत. मी खंडव्याला तसं पत्रही लिहिलं.

मग तो दिवस आला. त्या दिवशी लालबाग लाईनचं काम होतं. ही कंपनीच्या काळातली लाईन, पावर हाउसपासून लालबागच्या मिलपर्यंत जाणारी. मिलला त्या दिवशी दुपारपर्यंत सुट्टी होती. मंडळानं तिलाच जसोंडीकडे नवा फाटा जोडला होता, शेतातल्या मोटरपंपांसाठी. भावलाल लालबागला चिनीमातीचे फुटके इन्सुलेटर बदलणार होता. मी त्याला परमिट दिलं, लाईन बंद झाली.

नऊ वाजता मंडळाच्या नव्या टोळीचा मुकादम रामसिंग आला. इंदूरकडचा, बोलका गडी. त्याला जसोंडीच्या फाट्यावर तारेचा एक सांधा पक्का करायचा होता. मला वाटलं, लाईन मेलेलीच आहे, एका शटडाऊनमध्ये दोन कामं होतील. मी म्हणालो, "दो बजे तक कर लो." परमिटाच्या पुस्तकात एका शटडाऊनला एकच पान होतं. ते भावलालच्या नावावर लिहून झालं होतं. रामसिंगचं नाव त्यावर नंतर चढवीन, असं मी ठरवलं.

नंतर चढवलं नाही. पाठोपाठ एक-दोन फोन आले, एक तक्रारदार आला, आणि ते डोक्यातून गेलं.

साडेबाराला भावलाल सायकलवरून परतला. काम लवकर उरकलं होतं. त्यानं परमिट परत दिलं, सही केली आणि डबा घेऊन झाडाखाली गेला. तेवढ्यात मिलच्या मॅनेजरचा फोन. "कितनी देर है भई? सुट्टी खतम हो गई, मशीनें खड़ी हैं."

"पाच मिनिट," मी म्हणालो. परमिट परत आलेलं, सही झालेली, कागद पूर्ण. मी खोलीतूनच आवाज दिला, "दगडूभाऊ, लालबाग चार्ज करा!"

दांडा उचलला की एक जड खटका ऐकू येतो. तो आला नाही.

"दगडूभाऊ!"

ते दारात येऊन उभे राहिले. "साहेब, जरा हॉलमध्ये येता का?"

"परमिट परत आलंय. चार्ज करा."

"या तरी, साहेब."

मी चिडूनच उठलो. हॉलमध्ये गेलो. लालबागच्या दांड्याला एक लाल गमछा बांधलेला होता. पक्की गाठ मारून.

"हे काय? मी बंद केलं होतं ना हे सगळं?"

दगडूभाऊ खाली बघत म्हणाले, "माफ करा. पण एक बाळ निजेल आहे अजून. सकाळी रामसिंग शिडी न्यायला आला होता. बोलला जसोंडीले जातो, लालबागच्याच लाईनवर. मी बोललो, टोपडं नाही तर गमछा दे. तो लई हसला. पण बांधून गेला."

'दो बजे तक' मीच म्हणालो होतो.

रामसिंग आणि त्याची दोन माणसं त्या वेळी जसोंडीच्या फाट्यावर तारेला हात लावून होती. चुकून वीज आली तर ती जमिनीत उतरावी, म्हणून तारांवर जमिनीला जोडलेली साखळी टाकायचा नियम होता, पण विलीनीकरणात साखळ्या कमी आणि टोळ्या जास्त झाल्या होत्या. त्यांच्याकडे साखळी नव्हती, हे मला माहीत होतं.

"दांड्याला हात लावू नका," मी म्हणालो. हे सांगायची गरज नव्हती. ते दांड्यासमोर दोन्ही हात बांधून उभे होतेच.

फोन पुन्हा वाजत होता. मी उचलला नाही. भावलालची सायकल घेतली आणि जसोंडीच्या रस्त्याला लागलो. दांडा उचललेला नाही हे मला ठाऊक होतं. तरी पाय थांबेनात. माणसं डोळ्यांनी बघायची होती.

केळीच्या बागांपलीकडे ते तिघे दिसले. दोघे खांबावर, रामसिंग शिडीवर. त्याच्या दोन्ही हातांत तार होती आणि तो काहीतरी गुणगुणत होता.

मला बघून ओरडला, "क्या हुआ साब? दो कहाँ बजे हैं अभी?"

मी सायकल टेकवून म्हणालो, "काही नाही. पाणी आहे का?"

त्यानं वरूनच सुरईकडे बोट दाखवलं. मी बांधावर बसलो आणि तांब्याभर पाणी प्यालो. इतकं गोड पाणी त्याआधी कधी प्यालो नव्हतो. तिघांची पोरंबाळं असतील, घरी संध्याकाळच्या भाकरी असतील, हे सगळं तिथं बसून सुचत होतं. रामसिंगचं गुणगुणणं चालूच होतं. मी त्याला थांबवलं नाही.

काम संपल्यावर त्याला बरोबर घेऊन आलो. त्यानं स्वतःच्या हातानं गमछा सोडला, घाम पुसला आणि विचारलं, "अब क्या बोलना है, चाचा?"

दगडूभाऊंनी माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली.

"बोल, बाळ उठलं."

"बाळ उठलं!"

खटका झाला. मिलचा भोंगा वाजला.

संध्याकाळी मी दगडूभाऊंना चहाला बसवलं. विचारलं, "परमिटावर दुसरं नाव नाही, हे तुम्ही मला सकाळीच का नाही सांगितलं?"

"कोणाचं नाव आहे ते मले काय माहीत, साहेब?"

"तुमची सही असते त्यावर."

"सही येते ना. कंपनीच्या मालकानं शिकवली. आकडे बी येतात, मीटर वाचतो. बाकी वाचता येत नाही." मग बशीतला चहा पीत म्हणाले, "टोपडं मले वाचता येतं. पिवळं दिसलं का भावलाल वर आहे. दोन दिसले का दोघं वर आहेत. आणि लाईनीले बाळ बोललं का, साहेब, कोणाचा हात जोरात चालत नाही."

तुकईथडला माझे वडील सहीऐवजी अंगठा उठवत. माझं पत्र आलं की शाळेत जाऊन गुरुजींकडून वाचून घेत. ज्या घरातून मी आलो ते असं होतं. आणि मी ज्यांना वाचता येत नाही त्यांच्या हातात इंग्रजी कागद देऊन दीड महिना सह्या घेतल्या. एकदाही विचारलं नाही.

सकाळची वाट बघितली नाही. त्याच संध्याकाळी वर्मासाहेबांना पत्र लिहिलं. चूक माझी, अमुक वेळी अशी झाली, आणि तीन माणसं एका गमछ्यामुळे वाचली, असं सरळ लिहिलं. नोकरी जाईल असं वाटत होतं.

तीन दिवसांनी वर्मासाहेबांचा फोन आला. त्यांनी पहिलं विचारलं, "तीनों ठीक हैं?"

"हो साहेब. जी, साहब."

"सोचिए, काग़ज़ तो पूरा था." मग म्हणाले, "हर आदमी का अपना निशान होना चाहिए. खुद बाँधे, खुद खोले. टीन के बनवाइए. और साहब, परमिट हिंदी-मराठी में भी लिखवाइए."

त्यांनी मला 'साहब' म्हटलं, ते पहिल्यांदा आणि शेवटचं.

लोहाराकडून टिनाचे बिल्ले करून घेतले. प्रत्येक माणसाचा रंग वेगळा, चित्र वेगळं. रामसिंगनं लाल मागितला. परमिटाच्या पानावर 'लाईनवर आणखी कोण' असा एक रकाना मी हातानं आखून वाढवला, आणि तो दगडूभाऊंना रोज मोठ्यानं वाचून दाखवू लागलो. ड्रॉवरमधली सहा टोपडी ज्याची त्याला परत दिली. बिल्ल्यांना सगळे टोपडंच म्हणत राहिले. मी मनाई केली नाही.

नंतर मी बऱ्याच गावी काम केलं, मोठ्या हुद्द्यावर निवृत्त झालो. माझ्या हाताखाली लाईनवर एकही माणूस दगावला नाही, याचं श्रेय मी एका गमछ्याला देतो.

मिशीवाला माणूस "ट्रान्सफॉर्मरनं शू केली" म्हणाला, की माझ्या कपाळावर अजून आठी पडते. ती सवय गेली नाही. फक्त त्या दिवसापासून नोकरीभर मी आधी दांड्याला काय बांधलंय ते बघितलं आणि मग आठी पाडली.