आजिता आणि स्तुनाद

अठ्ठ्याहत्तर साली आखातातल्या अस्करच्या अॅल्युमिनियम कारखान्यात भट्ट्या दुरुस्त करायला एक अमेरिकन आला आणि कॅन्टीनमध्ये रोज माझ्यासमोर बसू लागला. त्याचे आजी-आजोबा इटलीहून न्यूयॉर्कला गेलेले. माझ्या डब्यातलं बोंबलाचं लोणचं तो बोटं चाटून खायचा, मग छातीवर हात ठेवून म्हणायचा, “आजिता.” आंबटपणाचा इटालियन शब्द त्यांच्या गल्लीत झिजून आजिता झाला होता. पोटातली जळजळ आजिता आणि पोरांनी आणलेला वैतागही आजिताच. पाना विसरला की तो स्वतःच्याच कपाळावर मारायचा, “स्तुनाद!” मूळ अर्थ बेसूर, गल्लीतला अर्थ डोकं ठिकाणावर नसलेला. मला चटकच लागली. जेवणाच्या सुट्टीत मी रोज नवा शब्द मागायचो.

एकदा विचारलं, “इटालियन येतं तुला?”

“मफी,” नव्यानेच शिकलेल्या अरबीत तो हसून ‘नाही’ म्हणाला. “भाषा गेली. जेवणाचे आणि रागावण्याचे शब्द राहिले. आजीने ते कधी शिकवले नाहीत, तिच्या तोंडून नुसते निघायचे.”

त्या दिवशी शिफ्ट संपता संपेना. माझी पाच वर्षांची मुलगी मराठीत विचारलं तरी इंग्रजीत उत्तर द्यायची. तिच्यासाठी मी वसईहून बाराखडीचं पुस्तक मागवलं होतं.

घरी आलो तर ती इंग्रजीत लाडीगोडी लावत बाहुलीला भरवत होती. बाहुली काही खाईना. तशी पोरीने कमरेवर हात ठेवले आणि हुबेहूब आईच्या आवाजात म्हणाली, “गप जेवतेस की देऊ एक?”

बाहुलीने दुसराही घास नाकारावा म्हणून मी दारातच श्वास रोखून उभा राहिलो.