एका गंजाचा अर्ज

यवतमाळ जिल्ह्यात समुद्र नाही. ही गोष्ट शाळेतल्या पोरालाही ठाऊक असते, पण ज्या सरकारी ऑफिसात मी बाबांबरोबर मासेमारीची नोंदणी करायला गेले, तिथल्या छापील फॉर्मला ती ठाऊक नव्हती. फॉर्मवर 'जवळचे बंदर' अशी एक चौकट होती. त्याखाली 'नौकेचा प्रकार'. कोकणासाठी छापलेले फॉर्म उरले असतील आणि इकडे ढकलले असतील. मी टेबलावरच्या बाबूला विचारलं, इथं काय लिहू? तो मान वर न करता म्हणाला, "कोणतीच चौकट खाली ठेवू नका मॅडम. फॉर्म वापस येते." बाबा शेजारी उभे होते. ते म्हणाले, "लिही ना वं, पांढरकवडा बसस्टँड." मी खरंच तेच लिहिलं. त्या चौकटीवर कुणी हरकत घेतली नाही. हरकत दुसऱ्याच गोष्टीवर होती, आणि तिची चीड माझ्या मनातून आजही गेलेली नाही.

बाबा पांढरकवड्याच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, हमाली करत. कापसाची ती वाईट वर्षं. कधी अळी, कधी पावसाची दडी, कधी भाव नाही. जिनिंगचा हंगाम कसाबसा सुरू व्हायचा आणि सुरू झाला म्हणेपर्यंत यंत्रं बंद पडायची. यंत्रांबरोबर बाबाही गप्प होत. आईनं काही विचारलं तरी हूं, मी विचारलं तरी हूं. रविवार उजाडला की मात्र ते सायकलच्या दांडीला गळाची काठी बांधत, कॅरिअरला जर्मनचा गंज, म्हणजे आमचं अॅल्युमिनियमचं मोठं पातेलं, अडकवत आणि गावाबाहेरच्या तलावावर जात. संध्याकाळी परतले की तोंडाची टकळी थांबत नसे. आई म्हणायची, "तलावाचं पानी पेऊन याईले वाचा फुटते काय वं?"

तलावावर त्यांचे दोन सोबती येत. एक तांड्यातले काका, बंजारा. त्यांचं थोडं कोरडवाहू शेत होतं आणि कापसाची बंडी, म्हणजे बैलगाडी, घेऊन ते जिनिंगला येत, तिथंच बाबांची त्यांची गाठ पडली. दुसरे पोडातले काका. कोलामांच्या वस्तीला आमच्याकडे पोड म्हणतात. हे मूळचे झरी जामणीच्या जंगलाकडचे, पण आता तलावामागच्या पोडात राहायचे आणि जिनिंगला बांबूच्या टोपल्या विणून द्यायचे. आणि आम्ही बौद्ध वस्तीतले. गावात या तिघांनी एका पंगतीला बसावं असं कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं.

तलावावर त्यांनीच पाडलेली एक रीत होती. कुणाच्याही गळाला काहीही लागो, मरळ लागो नाहीतर बोटाएवढी चिंगळी लागो, ते त्या एका गंजात जायचं. कुणी कुठला धरला हे कुणी विचारायचं नाही. तेल-मसाला बाबांचा, मिरच्या आणि मीठ तांड्यातल्या काकांचं, लाकडं आणि पळसाची पानं पोडातल्या काकांची. भाकरी ज्याच्या त्याच्या घरून, पण त्याही एका फडक्यावर मांडायच्या आणि हाताला येईल ती उचलायची. दगडांच्या चुलीवर रस्सा शिजायचा. तलावातला मासा तलावावरच संपवायचा, घरी न्यायचा नाही. आणि जेवताना कापसाचं नाव काढायचं नाही. लहानपणी मी बाबांच्या सायकलवर बसून जायचे, त्या रश्श्यात भाकर बुडवून खायचे, आणि हे काही विशेष चाललंय असं मला वाटतही नसे. मोठी झाल्यावर कळलं की असं एका गंजातून जेवायचं आमच्या सगळ्या पंचक्रोशीत ते एवढं एकच ठिकाण होतं.

त्याच वर्षांत आमच्याकडे गाड्या भरभरून माणसं यायची. मुंबईहून, नागपूरहून, कुठून कुठून. मंदिराच्या ओट्यावर नाहीतर ग्रामपंचायतीपुढे सतरंजी टाकून लोकांना सांगायची, मनात ठेवू नका, बोला, मन मोकळं करा, एकटे राहू नका. बाबा एकदा जाऊन आले. म्हणाले, "आमी तं दर आयतवारी बोलतोच. यायले कोनं सांगतलं आमी बोलत नाई म्हून?"

आणि मग जिथं हे तिघं बोलत होते, नेमकी तिथंच सरकारनं साखळी लावली.

एका रविवारी बाबा गेले तर तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, आडवी साखळी होती, पाटी उभी होती आणि चौकीदार बसला होता. पाटीवर लिहिलं होतं की हौसेखातर गळ टाकणाऱ्या प्रत्येकानं नोंदणी करून ओळखपत्र घ्यावं, विनानोंदणी कुणी आढळल्यास गळ जप्त होईल, आणि पाळीवर विस्तव पेटवण्यास सक्त मनाई आहे. जाळी टाकून, टेम्पो भरून मासे नेणारे ठेकेदार होते, त्यांना कुणी काही विचारत नव्हतं. त्यांच्याकडे कागद होते. विचारायचं होतं ते काठीला दोरी बांधून बसणाऱ्या या तिघांना. तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी समजलं.

बाबा मात्र शांत होते. म्हणाले, "नियम हाय तं हाय. करून टाकू नोंदनी. त्याच्यात काय?" त्यांचा कागदावर फार विश्वास. कागदानं आपल्याला माणूस केलं असं ते मानत, आणि आमच्या वस्तीत तसं मानायला कारणही होतं. मी तेव्हा कॉलेजात होते. तिघांनी मला पाळीच्या अलीकडे, साखळीबाहेर, बाभळीखाली बसवलं आणि अर्ज सांगितला.

अर्ज एकच होता. दुसरं काही त्यांना सुचलंच नाही, आणि खरं सांगते, मलाही सुचलं नाही. अर्जदार, आम्ही तिघे. आमचा एक गंज आहे. त्यात शिजतील तेवढेच मासे आम्ही धरतो, घरी नेत नाही, विकत नाही. तरी आम्हा तिघांना मिळून एक कार्ड द्यावे. खाली बाबांची सही, तांड्यातल्या काकांची सही, पोडातल्या काकांचा अंगठा. पोडातल्या काकांनी अंगठा उमटवल्यावर तो धोतराला पुसला नाही. वाळेपर्यंत तसाच वर धरून बसले. छापील फॉर्म जोडायचा होता, तोही आम्ही एकच जोडला.

बाबूनं तो वाचला आणि हसला. आधी एकटाच हसला, मग शेजारच्या टेबलाला वाचून दाखवला आणि दोघं मिळून हसले.

"गंज कोणाच्या नावावर आहे?" त्यानं बाबांना विचारलं.

बाबांना ती थट्टा आहे हे कळलं नाही. ते सरळ म्हणाले, "गंज माहा हाय साहेब. पन तेल-मीठ समद्याइचं हाय."

"काका, हौस म्हंजे एकाची असते. तुमाले हौस असन तर तुमचा फॉर्म भरा. त्याइले असन तर त्याइचा. गंजाले कार्ड भेटत नाही."

"पन आमी येगयेगळे धरतच नाई ना, साहेब."

"मग धरा आतापासून."

हे तो सहज बोलून गेला, त्याच्या लक्षातही राहिलं नसेल. मी तिथंच उभी होते. तोंड उघडलं असतं तर काय बोलले असते माहीत नाही, पण बाबांनी माझ्या दंडाला धरून मला बाहेर आणलं.

मग वेगवेगळे अर्ज सुरू झाले. रहिवासी दाखला, रेशनकार्ड, फोटो. बाबांचं सगळं होतं. जिनिंगचा गेटपास होता, वस्तीत पक्का पत्ता होता. तांड्यातले काका तलाठ्याकडे गेले तर तो म्हणाला, तुमचा तांडा पलीकडच्या गावात लागतो. पलीकडच्या गावात गेले तर तिथला म्हणाला, आमच्या रेकॉर्डला तुमचा तांडाच नाही. काका हसून म्हणायचे, "बाई, आमी राह्यतो कुठी ते तूच सांग आता." पोडातल्या काकांचं रेशनकार्ड झोपडीला आग लागली तेव्हा जळालं होतं. नवं मिळायला जुन्याची प्रत मागत होते. मी त्यांच्याबरोबर केळापूरला, पांढरकवड्याला, पुन्हा पांढरकवड्याला, अशा चकरा मारल्या. ते कुठल्याही ऑफिसात खुर्चीवर बसत नसत, भिंतीशी उकिडवे बसत, आणि शिपाई त्यांना पाय लांबवून ओलांडून जायचे. मला त्या शिपायांना उचलून बाहेर फेकावंसं वाटायचं. शेवटी काका स्वतःच म्हणाले, "राहू दे पोरी. मासे काई संपून नाई राह्यले जंगलात." जंगलात मासे नसतात हे त्यांनाही माहीत होतं.

बाबांचं कार्ड आलं. प्लॅस्टिकमध्ये चिकटवलेलं, फोटोवर निळा शिक्का. मागे बारीक अक्षरात अटी होत्या. धरलेली मासळी केवळ धारकाच्या स्वतःच्या कुटुंबासाठी. ती अन्य व्यक्तीस देऊ नये. कार्ड नसलेल्या इसमास सोबत बसवू नये.

ती शेवटची अट मी बाबांना मोठ्यानं वाचून दाखवली. आवाज माझाच चढला होता. बाबा म्हणाले, "अं. चौकीदार आपल्याच गावचा हाय."

चौकीदार आमच्याच गावचा होता, पण त्यालाही नोकरी होती. रविवारी त्यानं बाबांना आत सोडलं आणि त्या दोघांना साखळीजवळ थांबवलं. बाबा पाण्याशी जाऊन बसले. साखळीबाहेर ते दोघं बसले. बाबांनी गळ टाकला, मग काढून घेतला. काही लागलं नव्हतं, त्यांनीच काढला. परत आले, गंज सायकलला अडकवला आणि ऊन डोक्यावर यायच्या आत घरी आले. आईनं विचारलं, आज इतक्या लवकर? बाबा म्हणाले, "एकटा मानूस मासे धरून राह्यला अन् दोन मानसं पाहून राह्यले. मले लाज वाटली." त्यांनी कार्ड ट्रंकेत टाकलं. मग हूं, हूं सुरू झालं, पूर्वीपेक्षाही वाईट. आई जेवायला हाक मारी तेव्हा ते ऐकून न ऐकल्यासारखे बसत. मला भीती वाटायला लागली. त्या वर्षांत गप्प झालेल्या माणसाची भीती आमच्याकडे कुणालाही वाटायची.

म्हणून मीच म्हटलं, बाबा, त्यांना घरीच बोलवा ना. तलाव नाही तर नाही. मासे बाजारातून आणू, गंज तोच. बाबांनी कोपऱ्यातल्या गंजाकडे पाहिलं. मला वाटलं नाहीच म्हणतील. मग म्हणाले, "येतीन का?"

रविवारी ते दोघं आले. आईनं सकाळपासून अंगण झाडून सडा टाकला होता, मरळ आणली होती, मसाला स्वतः वाटला होता. पोडातले काका पळसाची पानं घेऊन आले, घरात ताटं असताना. बाबा किती दिवसांनी बोलत होते. यंदाच्या जिनिंगमधल्या कुणाच्या तरी फजितीची गोष्ट सांगत होते आणि स्वतःच हसत होते. अंगणात आम्ही चटई टाकली, मधोमध गंज ठेवला, झाकण काढलं, वास सगळ्या वस्तीभर गेला.

तांड्यातले काका चटईच्या कडेला बसले होते. आमच्या दारासमोरच पानटपरी होती. त्यांचे थोरले भाऊ बंडी घेऊन बरोबर आले होते, त्या टपरीच्या बाकड्यावर बसून पान लावून घेत होते आणि आमच्या अंगणाकडे बघत होते. आमची शेजारची माणसंही दारांत उभी राहून बघत होती. तलावावर बघणारं कुणी नसायचं.

आईनं पानावर रस्सा वाढला आणि ते पान काकांच्या पुढ्यात सरकवलं. काकांनी हात पुढे केला नाही. ते खाली बघत म्हणाले, "वहिनी, माहा आज उपास हाय."

बाबांचं बोलणं थांबलं. पोडातल्या काकांचा घास हातातच राहिला. आईनं ते पान उचललं आणि ती आत गेली. मला त्या क्षणी काकांचा इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. पण ते मान वर करू शकत नव्हते. ज्यांनी साखळी लावली ती माणसं कुठंतरी आपापल्या घरी रविवारचं जेवत असतील, आणि लाज मात्र या माणसाच्या वाट्याला आली होती.

मला त्यांचे तलावावरचे सगळे रविवार आठवत होते. तिथं त्यांनी कधीही उपास धरला नव्हता.